पावत्यांची वाट

2011 च्या पावसाळ्यात तात्या फलटणला माझ्या घरी आले, ते काखेत पेंडीच्या रिकाम्या पोत्याची गुंडाळी घेऊन. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मग त्यांनी पोतं उलगडून त्यातली पत्र्याची डबी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "मास्तर, आपली वाट लिहून दे."

मला आधी काही उमगेना. वाट चालायची असते, ती लिहायची कशी? पण तात्या वाडीतून नीट ऐकून आले होते. कुणी कार्यकर्ता वाडीत येऊन सांगून गेला होता, की 2006 च्या वनहक्क कायद्यात नुसती जंगलातली शेतीच नाही, तर फिरत्या मेंढपाळांचा हंगामी चराईचा हक्कसुद्धा धरलेला आहे. अट एवढीच, की आदिवासी नसलेल्यांनी तीन पिढ्यांचा संबंध दाखवायचा. तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षं, तीही 13 डिसेंबर 2005 च्या आधीची. म्हणजे 1930 सालाच्या अलीकडचं काही चालायचं नाही.

"आरं, कागूद मागत्यात," तात्या म्हणाले. "वाटंला कागूद आसतूय व्हय? पर ही डबी हाय आपल्याकडं."

डबीत 31 पावत्या होत्या. घडीवर फाटलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या, काही मोडीत, काही बाळबोध मराठीत. त्यांवरचे शिक्केही निरनिराळ्या अमलांचे होते. त्यातली एकही पावती कुणी आम्हाला काही दिल्याची नव्हती. सगळ्या दंडाच्या होत्या. राखीव रानात मेंढरं शिरली म्हणून, कोंडवाड्यात घातली म्हणून, फांदी तोडली म्हणून. सगळ्यांत जुनी होती 1937 च्या मार्चची.

आमच्या घराण्याचा सगळा लिखित इतिहास तेवढाच. तोच हाताशी धरून पुढच्या वर्षी मी आणि तात्या ती वाट चाललो. त्याचीच ही हकीकत.

*

आमची वाडी माण तालुक्यातली. माणदेशात पाऊस म्हणजे पाहुणा. वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक साल बरं गेलं म्हणतात. तिथून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरला तोच पाऊस साडेपाच हजारांच्या वर जातो. या दोन आकड्यांच्या मधे धनगराचं सगळं आयुष्य सरतं.

मेंढराला ओल सोसत नाही. कोकणाकडच्या पावसात त्याची खुरं सडतात, लोकर भिजून अंग धरतं, कोकरं दगावतात. म्हणून पावसाळाभर मेंढरं माणच्या उघड्या माळावर राहायची, तिथलं आखूड पण कसदार गवत खायची. दिवाळी झाली की माळ संपायचा, पाणी आटायचं. त्याच वेळी तिकडं मावळात आणि कोकणात भात निघालेला असायचा. खाचरं मोकळी, ओढ्याला पाणी, झाडाला पाला. मग वाडा पश्चिमेला निघायचा आणि मृगाच्या तोंडावर परत यायचा.

वाडा म्हणजे दगडी चौसोपी वाडा नव्हे. आठ-दहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री मिळून जो चालता संसार होतो त्याला आम्ही वाडा म्हणतो.

हे चालणं किती जुनं, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी डी.एड. होऊन शिक्षक झाल्यावर वाचायला लागलो तेव्हा दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव कळलं. हा गणिताचा मोठा माणूस पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटा पायानं तुडवत फिरला. त्या वाटांवर त्याला गारगोटीची बारीक हत्यारं सापडली, अश्मयुगातली. 1962 सालच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात त्यांनी मांडलं, की पंढरीच्या पालखीचा रस्तासुद्धा मुळात गुरं-मेंढरं घेऊन ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या माणसांची वाट असावी. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक तर धनगरांच्या ओव्या टिपत वाड्यावाड्यांवर फिरले. वीरचा म्हस्कोबा सोनारीहून कमळाजी धनगराच्या मागं चालत आला, ही कथा आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असते. सोंथायमरांनी ती अभ्यासाला घेतली. आमचे देवसुद्धा मेंढरांच्या वाटेनं चालत आलेले.

पण हत्यारं आणि ओव्या सरकारी कचेरीत दाखल करता येत नाहीत.

*

वाट ठरवायची कशी, हे मी लहानपणी पाहिलं आहे. माझा जन्म 1958 चा. सात वर्षांचा होईतो मी वाड्याबरोबर चाललो, त्यातलं निम्मं घोडीच्या पाठीवर.

दसऱ्याला बिरोबाच्या देवळात जाणती माणसं बसायची. यंदा पाऊस कुठं कसा झाला, कुणाकडं किती मेंढरं, किती गाभण, कुणाच्या घरात बाळंतपण जवळ आलंय, सगळं बोलून व्हायचं. मग माझे वडील, म्हणजे आबा, आणि आणखी एकजण घोंगडी खांद्यावर टाकून, आठवडाभराच्या भाकरी बांधून पुढं निघायचे. याला 'वाट बघून येणं' म्हणायचे. वाट दरसाल तीच, तरी दरसाल बघून यायची. कारण वाट जागची हलत नसली तरी तिच्यावरची पिकं, पाणी आणि माणसं बदलतात.

आबा चार गोष्टी बघायचे. पाणी कुठं टिकलंय. चारा कुठं आहे. मेंढरं बसवायला वावर कोण देतंय. आणि कुठल्या गावात औंदा वैर आहे. ओढ्याला पाणी भरपूर, पण गावात दोन तट पडलेत, तर त्या गावाला वळसा. कार्तिकात शाळू उभा असतो, मेंढरू त्यात शिरलं की भांडण. म्हणून बाजरी निघालेलं, भुईमूग उपटलेलं रान हेरून तळ धरायचे. एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत कोकरू चालेल एवढंच अंतर. आबा म्हणायचे, वाडा सगळ्यांत बारक्या कोकराच्या पायानं चालतो.

शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची, म्हणजे रात्री वाघुरात कोंडायची. वाघूर म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेलं दोरीचं जाळं. रात्रभर लेंड्या आणि मूत त्याच वावरात पडायचं. दुसऱ्या रात्री वाघूर पुढं सरकवायचं. तीन-चार रात्रींत सगळं वावर खतावून निघायचं. बैलगाडीनं शेणखत ओढायला नको, पसरायला नको. बदल्यात शेतकरी धान्य द्यायचा. बाजरीच्या मुलखात बाजरी, भाताच्या मुलखात तांदूळ. किती मेंढरांना किती पायली, ते त्या त्या घराशी आज्याच्या काळापासून बोललेलं.

आणि वाटही एक नव्हे, दोन असायच्या. गडी मेंढरं घेऊन डोंगराच्या उताराउतारानं चारत जायचे. बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून सरळ रस्त्यानं पुढं जायच्या. तवा, काठवट, घोंगडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, दोन दिवसांची कोकरं आणि त्यांच्यावर मी. दिवस मावळायच्या आत आईनं पाल ठोकून, पाणी आणून, चूल पेटवलेली असायची. मेंढरं अंधार पडताना यायची. फाट्यावर गड्यांना खूण म्हणून आई लिंबाचा डहाळा दगडाखाली दाबून ठेवायची. देठ जिकडं, तिकडं वाट. कधी चुकामूक झालेली मला आठवत नाही.

1965 च्या जूनमध्ये मला आजोळी शाळेत घातलं आणि माझी वाट तिथं तुटली.

*

आता पावत्यांविषयी. 1871 साली इंग्रज सरकारनं कोंडवाड्याचा कायदा केला. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर धरून कोंडवाड्यात घालायचं. दंड आणि चाऱ्याचा खर्च भरल्याशिवाय सुटका नाही, भरला नाही तर लिलाव. 1878 च्या जंगल कायद्यानं डोंगर राखीव झाले. जोतीराव फुल्यांनी 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या जंगल खात्यानं गुराढोरांची कशी कोंडी केली ते लिहून ठेवलं आहे. शेतकऱ्याची कोंडी झाली, पण त्याचं घर तरी एका जागी होतं. आम्ही एका हंगामात चार अमलांतून जायचो. माण खालसा मुलखात, सातारा जिल्ह्यात. महादेवाच्या डोंगराखाली उतरलं की फलटण संस्थान. लोणंद-शिरवळला पुन्हा खालसा. पुढं भोर संस्थान. वरंधा घाट उतरला की कुलाबा जिल्हा, पुन्हा खालसा. फलटण आणि भोर ही संस्थानं 1948 साली विलीन झाली तोवर हे असंच चाललं. प्रत्येक अमलाचे नियम वेगळे, राखणदार वेगळे. मेंढराला हद्द कळत नाही.

1937 ची पावती आजीची. आज्या त्या दिवशी पुढची वाट बघायला गेला होता. मागं चाळीस मेंढ्या राखीव रानात शिरल्या आणि कोंडवाड्यात गेल्या. त्यातल्या बऱ्याच ओल्या, दुधाच्या. कोकरं तळावर, आया कोंडवाड्यात. रात्रभर दोन्हीकडून ओरडा. सकाळी आजीनं हातातल्या चांदीच्या पाटल्या सावकाराकडं टाकल्या आणि दंड भरला. पाटल्या काही परत आल्या नाहीत. ती पावती मात्र तिनं जपली. कुणी विचारलं, की म्हणायची, "माज्या पाटल्या हायेत त्या कागदात." मग घराला सवयच लागली. दंडाची पावती आली, की ती आजीच्या डबीत जायची.

हिशेब केला तर 1937 म्हणजे 1930 च्या अलीकडं. सहा-सात वर्षं कमी पडत होती. आजीच्या पाटल्यांनीही काम भागत नव्हतं.

*

मी मास्तर माणूस. मी भारतीय सर्वेक्षण खात्याचे नकाशे मिळवले, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटरचे. जेवणाच्या खोलीत चटईवर ते जोडून मांडले आणि प्रत्येक पावतीवरचं गाव शोधून तिथं लाल टिकली लावली. तात्या शेजारी बसून सांगत होते. तासाभरात 31 टिकल्या लागल्या.

त्यांचे दोनच घोळके झाले. एक महादेवाच्या डोंगराच्या कुशीत, दुसरा वरंधा घाटाच्या माथ्याला. मधल्या सगळ्या पट्ट्यात, लोणंदपासून भोरच्या पुढपर्यंत, एकही टिकली नाही.

मी विचारलं, "तात्या, मधे काय उडत जात होता का?"

तात्या हसले. "तिथं आमाला बोलवायचं रं. ज्यानं बोलावून न्हेलं त्यो पावती कशाला फाडतूय?"

मी ती चटई दोन दिवस तशीच ठेवली. आम्हाला जिथं अडवलं तिथली नोंद झाली होती. जिथं मान देऊन बसवलं तिथली कुठंच झाली नव्हती. सरकारला दाखवायला आमच्याकडं फक्त आमचे गुन्हे होते.

पण त्या कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत एक कलम होतं. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं निवेदनही पुरावा म्हणून धरता येतं. मी तात्यांना म्हणालो, "मधल्या गावांत जाऊन लिहून आणू."

"मोटारीनं?"

"मोटारीनं गेलो तर तळ कसे सापडतील? तुमच्या तळ पायाच्या लक्षात आहेत."

तात्यांचं वय तेव्हा बाहत्तर. ते लगेच तयार झाले.

*

मी बेत आखला मास्तराच्या पद्धतीनं. रोज वीस किलोमीटर, दहा दिवस, प्रत्येक मुक्कामाला गावाचं नाव. वाट एकंदर दोनशे किलोमीटरच्या आसपास. तात्यांनी कागद हातात धरला आणि म्हणाले, "बेस हाय. पर ह्या गावात पानी न्हाई. आन् हितं आपुन कदी राह्यलो न्हाई, तिथली कुत्री लई वंगाळ." तीन मुक्काम बदलले.

2012 च्या दिवाळीनंतर निघालो. ते साल माणदेशाला दुष्काळाचं. गुरं छावण्यांत बांधलेली, वाडीत टँकर. आमच्या भावकीतली मेंढरं टेम्पोत घालून केव्हाच पुढं गेली होती. आम्ही दोघं मागून चाललो होतो, मेंढरांशिवाय. तात्यांना ते पहिल्या दिवशी फार अवघड गेलं. मोगराळे घाट उतरताना ते सारखे मागं वळून बघायचे.

फलटणच्या बाजूला पहिली वाट मोडली. तात्यांच्या आठवणीतला माळ म्हणजे आता कालव्याखालचा ऊस. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी 1880 च्या दशकातच पलीकडं बारामतीकडं गेलं. उजवा कालवा 1930 च्या दशकात इकडं आला. तेव्हापासून माळ थोडा थोडा हिरवा होत गेला. हिरवा म्हटलं की लोकांना बरं वाटतं. मेंढपाळाला त्या हिरव्याचा उपयोग नाही. ऊस बारा महिने उभा, वावर मोकळं होतच नाही. बसवायचं कुठं आणि बोलावणार कोण?

"आमी हितनं गेलो की धा जन आडवं यायचं," तात्या एका उसाच्या फडापुढं उभे राहून म्हणाले. "माज्यात बसवा, माज्यात बसवा म्हनून."

तरडगाव, चांदोबाचा लिंब, लोणंद. आषाढात पालखी याच रस्त्यानं पूर्वेला जाते, कार्तिकात वाडा पश्चिमेला जायचा. वारकऱ्यांच्या मुक्कामांना पाट्या आहेत. आमच्या तळांना तात्या होते. एका बांधापाशी थांबून ते म्हणायचे, "हितं," आणि जवळच्या वस्तीकडं वळायचे.

लोणंदच्या पुढं खंडाळ्याच्या बाजूला एका वस्तीवर बाजेवर बसलेले एक आजोबा भेटले. डोळे अधू, कान चांगले. तात्यांनी आमच्या आज्याचं नाव सांगितलं तसे ते उठून बसले. म्हणाले, "माझं नाव शाळेत घातलं त्या साली तुमची मेंढरं आमच्या वावरात होती. मी शाळा सोडून कोकरांमागं पळालो म्हणून बापानं मला हाणला." मी विचारलं, शाळेत नाव कधी घातलं? नातवानं आतून दाखला आणला. पहिलीत प्रवेश, जून 1928. कार्तिक म्हणजे त्याच सालचा नोव्हेंबर-डिसेंबर.

मी तिथंच वहीत लिहून घेतलं. आजोबांनी सही केली, वळणदार. कमी पडणारी वर्षं त्या एका मारानं भरून निघाली. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत.

शिरवळला पुणे-बंगळूर महामार्ग आडवा आला. गाड्यांची रांग तुटेना. तात्यांच्या काळी वाडा इथं पहाटे रस्ता ओलांडायचा, दोघंजण कंदील धरून दोन्ही बाजूंना उभे राहायचे. आम्ही पुलाखालच्या बोगद्यातून गेलो. बोगद्यात लेंड्या पडलेल्या होत्या, ताज्या. तात्यांनी वाकून बघितलं, म्हणाले, "कुनीतरी गेलंय म्होरं." त्या दिवशी पहिल्यांदा ते झपाझपा चालले.

*

भोरच्या पुढं हिरडोशीचं खोरं लागतं. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे खाचरं, असं ते तात्यांच्या डोळ्यापुढं होतं. आता खाली नीरा-देवघर धरणाचं पाणी आहे. रस्ता काठानं वर गेला आहे. तात्या कठड्याला टेकून पाण्याकडं बोट करून सांगायला लागले. त्या झाडाच्या खाली एक तळ. त्या टेपाच्या अंगाला एक. मी नकाशा उघडला आणि परत घडी घातली. टिकली पाण्यात कशी लावायची?

धरणाच्या वरच्या अंगाला सरकलेली एक वाडी होती. एका घरापुढं म्हातारी सुपात नाचणी पाखडत होती. तात्यांची घोंगडी बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"माणदेशचं धनगर ना तुम्ही? मेंढरं कुठायत?"

तात्यांनी ओळख सांगितली. ती आत गेली, पाणी घेऊन आली, आणि मला नीट न्याहाळून म्हणाली, "हा कुणाचा?" तात्यांनी आबांचं नाव घेतलं.

"म्हंजे पांढऱ्या घोडीवालीचा? आई कशी आहे रे तुझी?"

आई 2003 साली गेली होती. मी तसं सांगितलं. म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आमच्या गोठ्यात बाळंत झाली ती. पौषातली पुनव होती. थंडी अशी, की मी आमच्या म्हशीला बाहेर बांधून तिला आत घेतली. पोरगी झाली. तुमचा वाडा पुढं गेला, ती बारा दिवस माझ्यापाशी होती. कुठं असते ती पोरगी?"

ती माझी धाकटी बहीण. मी शाळेला आजोळी गेलो त्याच हिवाळ्यात, 1966 च्या सुरुवातीला झालेली. 'वाटंवर झाली' एवढंच आम्हाला ठाऊक होतं. शाळेत तिची जन्मतारीख मास्तरांनी 1 जून घातली, तशी त्या काळी निम्म्या पोरांची असायची. मी तिला फोन लावला आणि म्हातारीच्या हातात दिला. दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

गोठा कुठं होता, असं मी नंतर विचारलं. म्हातारीनं पाण्याकडं हात केला.

तिनंही वहीवर अंगठा दिला. अंगठा देताना म्हणाली, "यात काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं : माणदेशातला धनगरांचा वाडा माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून दरसाल आमच्या खाचरात मेंढ्या बसवायला येत असे, आम्ही त्यांना तांदूळ देत असू. ती म्हणाली, "येत असे असं नको लिहूस. आम्ही बोलवीत होतो असं लिही." मी खोडून तसं लिहिलं.

त्यानंतर मी मागच्या निवेदनांतही तेच शब्द बदलून घ्यायला हवे होते, असं मला वाटत राहिलं.

दोन दिवसांनी वरंधा घाटात वाघजाईच्या देवळापाशी पोचलो. खाली कोकण दिसत होतं. पावत्यांचा दुसरा घोळका इथलाच. तात्यांनी देवीपुढं नारळ फोडला, अर्धा तिथल्या माकडांनी नेला. बिरवाडीपर्यंत उतरून आम्ही एसटीनं परत आलो. दहा दिवसांची वाट परतीला एका दिवसात उरकली. वहीत 17 निवेदनं होती.

*

फाइल नीट लावली. 31 पावत्यांच्या प्रती, 17 निवेदनं, शाळेचा दाखला, नकाशा. दाखल करायला गेलो तर पहिलाच प्रश्न आला, "तुमची ग्रामसभा कोणती?"

कायद्याप्रमाणे दावा ग्रामसभेपुढं ठेवायचा. त्या वाटेवरची गावं तर तीसच्या वर. आमची ग्रामसभा माणमध्ये, आणि चराईचं रान दुसऱ्या जिल्ह्यात. कारकून माणूस भला होता, त्यालाही काय सांगावं कळेना. तात्या म्हणाले, "सायेब, समदीच आमची." त्यानं ते लिहून घेतलं नाही. पुढं आम्ही रानाजवळच्या चार ग्रामसभांकडं वेगवेगळे अर्ज दिले. दोन ठिकाणी ठरावाला विषय आला, दोन ठिकाणी पोच मिळाली. निकाल अजून एकाचाही नाही.

तात्या 2017 च्या फेब्रुवारीत गेले. त्यांची मेंढरं आता माझा पुतण्या राखतो. तो शिकलेला आहे, बारावीपर्यंत. त्याची वाट निम्मी टेम्पोची, निम्मी पायाची. महामार्ग आणि उसाचा पट्टा टेम्पोनं ओलांडायचा, भोरच्या पुढं चालायचं. मला आधी ते पटलं नव्हतं. पण आबांनीसुद्धा वाट दरसाल बघूनच ठरवली होती, तशीच तोही ठरवतो. फरक इतकाच, की वाट बघायला जाण्याऐवजी तो फोन करतो.

2018 साली पुन्हा दुष्काळ पडला. डिसेंबरात त्याचा फोन आला, "काका, त्या म्हातारीच्या नातवानं बोलावलंय. तीन रात्री बसवायचीत. म्हातारी गेली गेल्या साली, पण तिनं आपला नंबर लिहून ठेवायला लावला होता."

मी त्याला म्हणालो, "एक वही घे. प्रत्येक तळाला तारीख घाल, वावर कुणाचं ते लिही, आणि मालकाची सही घे."

"कशाला?"

"तुझ्या नातवाला लागेल."

शिमग्याला तो वाडीत आला तेव्हा मी ती वही बघितली. शंभर पानी, शाळेची. पहिल्या पानावर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : खाचर वरचं, मेंढ्या 180, रात्री तीन, तांदूळ 40 किलो, आणि संध्याकाळी जेवण. खाली नातवाची सही. सहीच्या शेजारी त्यानं कंसात आणखी दोन शब्द लिहून घेतले होते, म्हातारीनं मला सांगितले होते तेच : आम्ही बोलावलं.

ती वही आता आजीच्या डबीत आहे. डबीचं झाकण लागत नाही, म्हणून वर सुतळी बांधली आहे.